पिंप, माठ आणि जुनी चादर

नळाला पाणी यायच्या दिवशी सोलापुरातल्या कितीतरी घरांत पहिलं काम ठरलेलं असतं: पिंपात उरलेलं पाणी मोरीत ओतून द्यायचं. का, तर ते शिळं झालं. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे वर्षानुवर्षं चालू आहे आणि पर्यावरणपूरक राहणीच्या तयार याद्यांत मात्र याबद्दल अवाक्षर नसतं. तिथं बांबूचा दात घासायचा ब्रश असतो, स्टीलचा स्ट्रॉ असतो, झालंच तर महागडी काचेची बाटली. या याद्या चोवीस तास नळ वाहणाऱ्या गावांसाठी लिहिलेल्या. आपल्याकडं ऊन कोरडं, बोअरचं पाणी क्षाराचं आणि नळाचं पाणी पाहुण्यासारखं. इथं काय बदलायचं हे या तीन गोष्टींवरून ठरवलं, तरच ते महिन्याभरापेक्षा जास्त टिकतं.

आधी पिंपच घेऊ. शहराचं पाणी येतं ते उजनीवरून थेट जलवाहिनीनं, भीमेवरच्या टाकळीहून आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावातून. उजनी शंभरेक किलोमीटरवर. टाकळीसाठी धरणातून नदीत सोडलेलं पाणी वाटेत मुरतं, उडतं, उपसलं जातं, आणि उरलेलं आपल्यापर्यंत पोचतं. म्हणजे मोरीत गेलेल्या प्रत्येक बादलीमागं पंपाची वीज आणि वाटेतली गळती दोन्ही असतात. झाकून ठेवलेलं पाणी चार-पाच दिवसांत शिळं होत नाही. ते खराब होतं ते आत बुडवलेल्या मगामुळं, उघड्या झाकणामुळं आणि तळाशी बसलेल्या गाळामुळं. पिण्याचं पाणी वेगळं ठेवावंच, कारण साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन हळूहळू उडून जातं. वापराच्या पाण्याला ती अडचण नाही.

उपाय साधा आहे. दोनशे लिटरची दोन पिंपं ठेवायची आणि त्यांवर रंगानं एक-दोन आकडे टाकायचे. या पाळीला एक नंबर भरलं, तर पुढच्या पाळीपर्यंत ते रिकामं करायचं आणि नवं पाणी दोन नंबरात घ्यायचं. धुणं, फरशी, संडास ही कामं पाणी येण्याच्या दिवशी सकाळी, नळ सुटायच्या आधी उरकली तर ओतून द्यायला काही उरतच नाही. नळ आल्यावर धुणं काढायची सवय असते, तेवढी काही तासांनी अलीकडं आणायची. भांडण होतं ते इथंच, कारण पाणी रात्री दोनला येणार की सकाळी सातला हे नक्की नसतं. मग आदल्या संध्याकाळी.

पिंपात मग बुडवणं बंद करायचं असेल तर पिंपाला तोटी बसवा. तळापासून चार इंच वर २१ मिलिमीटरचं भोक, त्यात अर्ध्या इंची टँक निपल (टाकीला तोटी जोडायचा आट्यांचा तुकडा), आतून आणि बाहेरून एकेक रबरी वॉशर. चार इंच यासाठी, की गाळ खाली राहावा आणि तोटीतून नितळ पाणी यावं. बहुतेकजण वॉशर फक्त आतून घालतात आणि गळती थांबत नाही म्हणून नट आवळत बसतात. मग प्लॅस्टिक तडकतं. पिंप ठेवायला दीड फुटाचा पक्का ओटा लागतो, नाहीतर तोटीखाली बादली बसत नाही. भरलेलं पिंप दोनशे किलोंच्या वर जातं, तेव्हा डुगडुगता स्टूल किंवा रचलेल्या विटा नकोत.

दोन पिंपांचा आणखी एक फायदा डासांच्या बाबतीत आहे. डेंगी पसरवणारा डास अंडी घालतो ती पाण्याच्या पातळीलगत, भांड्याच्या भिंतीवर. पाणी ओतून दिलं तरी अंडी तशीच चिकटून राहतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने तगतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. त्यामुळं नुसतं ओतून काही साधत नाही. काथ्यानं भिंती घासाव्या लागतात. पिंप पाळीपाळीनं रिकामं होत असेल तर दोन लिटर पाण्यात घासून होतं आणि आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करायचा नियम आपोआप पाळला जातो. झाकणाखाली सुती फडकं ताणून बांधावं. झाकणाच्या कडेला फट असतेच.

पाण्याचं दुसरं भोक म्हणजे आरओ. एक लिटर शुद्ध पाण्यामागं घरगुती यंत्र दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. यंत्र घेण्याआधी काही शे रुपयांचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, घ्या आणि नळाचं पाणी मोजा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. त्याच्या आत आकडा आला तर आरओची गरज नाही. गाळणी आणि अतिनील दिव्याचं यंत्र पुरतं, आणि त्यात पाणी वाया जात नाही. बोअरचं पाणी हजाराच्या वर गेलं तर आरओला पर्याय उरत नाही. मग त्याची बाहेरची नळी मोरीत सोडू नका, कॅनमध्ये सोडा. हे पाणी संडासाला, फरशीला, भांड्यांच्या पहिल्या विसळणीला चालतं. कुंडीत मात्र घालू नये. मातीवर पांढरी पापडी धरते आणि कढीपत्त्याच्या पानांची टोकं करपतात. कूलरमध्येही नको, त्याचं कारण पुढं येतं.

नळाला बसवायच्या जाळीची, म्हणजे एरेटरची, शिफारस सगळीकडं असते. सोलापुरात ती जपून घ्या. गच्चीवरची टाकी एकच मजला वर असेल तर दाब इतका कमी असतो की एरेटरमधून नुसती सुतासारखी धार येते, आणि लोक तो काढून फेकतात. दोन-तीन मजले खाली असाल तर बसवा, पण दर महिन्याला उघडून लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा, नाहीतर क्षारानं भोकं बुजतात. जुन्या दहा लिटरच्या फ्लशच्या टाकीत भरलेली लिटरभराची बाटली उभी ठेवली की दर वेळी तेवढं पाणी वाचतं. वीट ठेवू नका. ती झिजत जाते आणि तिची रेती झडपेत अडकते.

आता ऊन. सोलापूरचं ऊन कोरडं आहे ही तक्रारीची गोष्ट असली तरी माठासाठी यासारखी हवा नाही. माठाच्या सच्छिद्र भिंतीतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन वाफ होताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी थंड राहतं. हवा जितकी कोरडी, तितका माठ गार. म्हणूनच तो एप्रिल-मेमध्ये उत्तम चालतो आणि पावसाळी दमट हवेत सुस्तावतो. बाहेरून रंग किंवा वॉर्निश दिलेला माठ दिसायला छान, कामाला शून्य. रंगानं छिद्रंच बंद केलेली असतात. नवा माठ आणला की चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवायचा, ते पाणी झाडांना द्यायचं, मग भरायचा. साबण कधीही लावायचा नाही, माती तो शोषून घेते आणि पाण्याला वास येतो. खाली वाळूचा थर, वर झाकण, जागा वाऱ्याची पण सावलीची. खिडकीच्या कोपऱ्यात, जिथं वारा लागतो पण ऊन येत नाही, तिथं.

गेल्या वर्षीचा माठ यंदा गार करत नाही, अशी तक्रार दरसाल होते. क्षाराच्या पाण्यानं छिद्रं भरून जातात आणि बाहेरच्या अंगाला पांढरट थर दिसतो. तो काथ्यानं कोरडाच घासून काढावा, माठ दिवसभर बुडवून ठेवावा आणि मग भरून बघावं. बाहेरचा अंग तासाभरात ओलसर झाला तर माठ अजून जिवंत आहे. नाही झाला तर त्यात ज्वारी भरा आणि नवा आणा. बोअरच्या पाण्यावर माठ एक-दोन उन्हाळेच टिकतो, हे धरून चालावं. फ्रीज थंड पाण्यासाठी दिवसातून वीस वेळा उघडला जातो तो यानं थांबतो, आणि बाटलीबंद पाण्याचा मोहही.

कूलरही त्याच तत्त्वावर चालतो. दीडशे-दोनशे वॉटचा कूलर कोरड्या दुपारी जे करतो त्यासाठी दीड टनी एसी साधारण दीड हजार वॉट घेतो. फरक मोठा आहे, पण सोलापुरात त्याला दुसरी बाजू आहे: मोठा कूलर कडक उन्हात ताशी पाच-सात लिटर पाणी सहज पितो. आठ तासांत पन्नास लिटर. पाणी चार-पाच दिवसांआड येत असेल तर हा हिशोब वीजबिलाइतकाच खरा आहे. समोरची खिडकी उघडी ठेवली नाही तर खोली दमट होऊन कूलर फुकट फिरतो. वाफ होते ती पाण्याची, क्षार टाकीतच राहून घट्ट होत जातात. म्हणून तीन-चार दिवसांनी टाकीतलं उरलेलं पाणी काढून संडासाला वापरावं. त्यात आरओचं टाकाऊ पाणी ओतलं तर वाळ्याच्या किंवा लाकडाच्या बारीक ढलप्यांच्या जाळ्या पंधरा दिवसांत दगड होतात.

खरं तर कूलरच्या आधी गच्ची. जिल्ह्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांना जाड मातीचं छप्पर होतं, ते दुपारची उष्णता आत पोचायलाच संध्याकाळ करायचं. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खोलीत सोडतो. त्यावर चुन्याचा पांढरा हात हा सगळ्यात स्वस्त इलाज. कळीचा चुना रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायचा. भिजताना तो उकळतो, तेव्हा लोखंडी पिंप घ्या आणि डोळे जपा. दुधासारखा पातळ करून त्यात थोडा चिकट गोंद घालायचा आणि फेब्रुवारीअखेर संध्याकाळी, गच्ची किंचित ओली करून, दोन पातळ हात द्यायचे. एकच जाड हात दिला तर आठवड्यात पापुद्रे सुटतात. भर दुपारी लावला तर चुना धरायच्या आधी वाळतो आणि हाताला पावडर लागते. पावसात तो धुऊन जाणार, पुढच्या वर्षी पुन्हा द्यायचा. गच्चीवरची काळी टाकीही पांढरी करून टाका.

पंख्याचं गणित लगेच पटतं. जुना पंखा ७५ वॉट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा तीसच्या आसपास. सोलापुरी उन्हाळ्यात पंखा अठरा तास फिरतो, म्हणजे एका पंख्यामागं महिन्याला चोवीसेक युनिट वाचतात. पण चालू असलेला जुना पंखा काढून भंगारात देण्याची घाई नको. ज्या खोलीत पंखा सगळ्यात जास्त फिरतो तिथं नवा, जुना देवघरात. या पंख्यांचं इलेक्ट्रॉनिक कार्ड विजेच्या झटक्यांनी जातं, त्यामुळं वॉरंटी बघून घ्या.

धुण्याभांड्यांकडं वळलं की पुन्हा क्षार आडवे येतात. साबण पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळून चिकट मळ बनतो, फेस येत नाही, म्हणून माणूस पावडर वाढवतो, आणि मग ती निघायला पाणीही जास्त लागतं. वीस लिटरच्या बादलीत सपाट मोठा चमचाभर धुण्याचा सोडा टाकून दहा मिनिटं थांबा. पाणी किंचित गढूळ होईल. ते क्षार वेगळे होताहेत. मग नेहमीच्या निम्मी पावडर पुरते. रेशीम, लोकर आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना सोडा लावायचा नाही.

रेशमी साडी आणि रंगीत चादरींसाठी रिठा. रिठ्यातला फेसाचा घटक क्षाराच्या पाण्यातही मळ धरत नाही, आणि इथं तो साबणापेक्षा सरस ठरतो. बी काढलेले दहा-बारा रिठे लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा मिनिटं उकळा, कुस्करून गाळा. उन्हाळ्यात हे पाणी दोन दिवसांत आंबतं, फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. पांढऱ्या कपड्यांना पिवळट झाक येते आणि तेलाचे डाग निघत नाहीत. शेंगाचटणीचा डाग तर मुळीच नाही.

फळांच्या सालींच्या बायोएन्झाइमचं सध्या फार कौतुक चालतं. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. बरणी दोन-तृतीयांशच भरायची आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, नाहीतर बरणी फुटते. वर पांढरा थर आला तर चालतं, काळी बुरशी आली तर सगळं खतात टाकायचं. बेसिनला, नळाला, काचेला ते चांगलं आहे. पण सोलापुरात अर्ध्या घरांत शहाबादी फरशी आहे, आणि शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. त्याला आंबट काहीही चालत नाही: लिंबू नाही, व्हिनेगर नाही, बायोएन्झाइम नाही, संडासाचं ॲसिड तर नाहीच. दगड खरबरीत होतो, चकाकी जाते, मग त्यात मळ धरतो आणि लोक आणखी कडक द्रव आणतात. शहाबादीला साधं पाणी आणि रिठ्याच्या पाण्याचा दुसरा हात, एवढंच पुरतं.

मासिक पाळीच्या बाबतीत सरसकट 'कापडाकडं परत चला' म्हणणाऱ्यांनी पाण्याची पाळी विचारात घेतलेली नसते. कापडी पॅड नीट धुवायला भरपूर पाणी आणि कडक ऊन लागतं. ऊन आपल्याकडं बक्कळ, पाणी नाही. इथं मेन्स्ट्रुअल कप जास्त सोयीचा. पाळीच्या आधी आणि नंतर पाचेक मिनिटं उकळायचा, पातेलं वेगळं ठेवायचं, आणि क्षारानं आलेला पांढरटपणा व्हिनेगरच्या पाण्यानं काढायचा.

ताटाबद्दल थोडक्यात, कारण सोलापूरकराला ज्वारी शिकवायला नको. रब्बीची मालदांडी काळ्या रानात साठलेल्या ओलीवर येते, तिला उसासारखं पाणी पाजावं लागत नाही. आठवड्यातून दोन वेळा भाताऐवजी भाकरी हा बदल पाण्याच्या हिशोबातही बसतो. अडचण येते ती साठवणीची. पाऱ्याच्या किंवा कीडनाशकाच्या गोळ्या घरात नकोतच. धुरी देणाऱ्या काही गोळ्या जीवघेण्या असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी ज्वारी घेतली की दोन दिवस कडक उन्हात पसरा, मग रात्रभर सावलीत पूर्ण निवू द्या. गरम धान्य पत्र्याच्या कोठीत भरलं तर आतून घाम सुटतो आणि बुरशी येते. निवलेल्या धान्यात पूर्ण वाळलेला कडुलिंबाचा पाला थराथरानं घाला. ओला पाला म्हणजे पुन्हा बुरशी. दळण दोन-तीन किलोंचंच, डब्यातून गिरणीत. पीठ शिळं झालं की त्याची जिगी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा चिरतात आणि घरातले म्हणतात ज्वारीच वाईट. उरलेल्या भाकरीला कडक भाकरीचा मार्ग इथं कधीपासूनच आहे.

ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्यांची सोलापुरात उलटी फजिती होते. बाकी गावांत खत चिखल होऊन वास मारतं, इथं ते वाळून थांबतं. वीस लिटरची रंगाची बादली घ्या, बाजूला आणि तळाला चार-चार इंचांवर बोटभर भोकं पाडा. एक वाटी ओला कचरा, दोन वाट्या कोरडा पाला, असे थर. सुरुवातीला विरजण म्हणून आंबट ताक आणि मूठभर जुनं खत. पाल्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुलिंबाची पानगळ पोत्यात भरून ठेवा. रसवंतीवरचं उसाचं चिपाडही चालतं, मात्र दोन दिवस वाळवून बारीक तोडलेलं. ओल्या चिपाडाला मुंग्यांची रांग लागते. मुठीत घेऊन पिळलं की एक-दोन थेंब यावेत, एवढी ओल हवी. मुंग्या झाल्या म्हणजे कोरडं पडलं, पाणी शिंपडा. सडका वास आला म्हणजे ओल जास्त, पाला घालून हलवा. पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात. बादली मेमध्ये सावलीत, वर ओलं पोतं. दीड-दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारं खत मिळतं.

शेवटी पिशवी, कारण ज्या गावात चादर विणली जाते तिथं कापडी पिशवी विकत घ्यायची म्हणजे कमाल आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ मध्ये हिशोब मांडला होता: नव्या सुती पिशवीनं प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी साधायची तर फक्त हवामानाचा विचार करूनही ती पन्नासेक वेळा वापरावी लागते, आणि पाण्यासकट सगळे निकष धरले तर हजारो वेळा. कापूस पिकवून त्याचं कापड होईपर्यंत जे लागतं ते त्यात आहे. फुकट वाटलेल्या, एकदा वापरून कपाटात पडलेल्या पिशव्या त्यामुळं काहीच वाचवत नाहीत. जुन्या चादरीत मात्र तो सगळा खर्च कधीच वसूल झालेला असतो.

साठ बाय नव्वद इंची सिंगल चादरीतून अठरा बाय चाळीसचे सहा तुकडे निघतात. बाजूला सहा इंची लांब पट्टी आणि खाली दहा इंची पट्टी उरते, त्यातून तीन इंच रुंद, वीस इंच लांब असे बारा बंद होतात आणि थोडं कापड वरही राहतं. हे चादर सगळीकडून सारखी धड असेल तर. मधला भाग विरलेला असतो, तेव्हा तुकडे कडांकडून घ्या आणि चार पिशव्यांवर समाधान माना. विण सैल असल्यानं कापताच दोरे सुटतात, म्हणून कडा आधी दुमडून किंवा ओव्हरलॉक करून घ्याव्यात आणि बाजूची शिवण दुहेरी. बंद काठाला नुसते टाचले तर पाच किलो ज्वारीत उसवतात. ते काठाच्या तीन इंच खालपर्यंत नेऊन चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण घालावी. कापड जाड असतं, मशीनला १६ किंवा १८ नंबरची सुई लागते. जुन्या टॉवेलचे फूटभराचे चौकोन केले की ओट्यावरचा कागदी रोल बंद होतो. शेंगाचटणी घ्यायला जाताना डबा न्या, आणि दुकानदाराला रिकाम्या डब्याचं वजन आधी करायला सांगा. भरल्यावर आठवण झाली तर वाद होतो.

याच पिशव्या संक्रांतीला वाण म्हणून लुटता येतात. हळदीकुंकवाला घरोघर जमणारे प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या कुणाला हव्या असतात हा प्रश्न तसाही कुणी विचारत नाही. पिशवीत मूठभर ज्वारी किंवा तीळ घाला, रिकामी देऊ नये. फक्त कापड डिसेंबरच्या सुरुवातीला शिवायला टाका. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात शिंपी मशीनला हात लावून देत नाही.